वेल कुणाची

४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाचं एक बरं असतं, मधे तोंड घालत नाही.

बातमी मोठी आहे. इथल्या संग्रहालयात नोव्हेंबरमध्ये हातकामाचं प्रदर्शन भरतंय. भरतकाम, छपाई, विणकाम, सगळं. नाव ठेवलंय ‘जिवंत वारसा’. आणि त्यातली मधली भिंत, दारातून आत पाऊल टाकलं की समोर येते ती, मला दिलीय. तिथे आपली वेल लागणार. तू छापून पाठवलेलं आणि मी साखळी टाक्यानं भरलेलं ते लांब कापड आहे ना, तेच. संग्रहालयाच्या बाई ते उलटंपालटं करून बघत होत्या. म्हटलं, बघा निवांत, मागच्या बाजूला एक गाठ सापडली तर सुई धरायची सोडून देईन. नाही सापडली.

वर्तमानपत्रात माझी मुलाखतही आलीय. कात्रण सोबत आहे. फोटोत मी जरा जाड दिसतेय, तिकडे बघू नकोस, मजकूर वाच. दादालाही वाचून दाखव. त्याच्या हाताची थरथर कशी आहे? डॉक्टरकडे नेतेस की नुसतीच रागावतेस?

आज बाबा हवे होते गं. त्यांच्या कारखान्याचं नाव मोठ्या दारातून आत गेलं.

तुझी,
वन्सं

१२ ऑगस्ट

वन्सं,

नमस्कार. वाकून केला असता, पण कात्रण वाचल्यापासून मान ताठ झालीय.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा बसून, आणि एकदा तुमच्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवताना. ‘ही वेल म्हणजे माझ्या वडिलांची देणगी. ती आमच्या रक्तातच आहे.’ तुमचे भाऊ म्हणाले, “छान बोललीय.” त्यांना चहा दिला नाही त्या दिवशी.

वन्सं, वेल मामंजींची कधीपासून झाली? मी या घरात आले तेव्हा छपाईच्या टेबलावर ठिपके होते, पट्टे होते आणि चौकडी होती. बास. वेल मी काढली. मागच्या भिंतीवर एक जंगली वेल चढली होती, तिच्याकडे बघत स्वयंपाकघराच्या फरशीवर कोळशानं काढली. मामंजी येऊन म्हणाले, “सूनबाई, ही वेल आहे की दोऱ्याचा गुंता?” तुम्हीही होतात तिथे. हसला होतात. ठसे कोरणाऱ्या म्हाताऱ्याकडे मीच गेले. त्यानं पान दोनदा चुकवलं, दोनदा परत कोरायला लावलं. रेघेचा ठसा, पानाचा ठसा, फुलाचा ठसा. तेव्हापासून जगात जिथे जिथे ती वेल उमटलीय ती याच हातानं. ठशावर मारून मारून माझ्या तळव्याला घट्टा पडलाय. मामंजींची नजर गेली, तुमच्या भावाचा हात थरथरायला लागला, तरी हा कारखाना एक दिवस बंद नाही. कोण चालवतंय? रक्त?

तुमच्या टाक्यांना मी नावं ठेवत नाही. तुमच्यासारखा हात नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण माझ्या वेलीभोवती टाके घालून ती आपली म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेला कुंपण घालून सातबारा मागण्यासारखं झालं.

मला फोटो नको, हार नको. एकच मागते. त्या भिंतीसमोर उभ्या राहाल तेव्हा चारचौघांत एकदा म्हणा: वेल माझ्या वहिनीची. काढली तिनं, छापलीही तिनं. एवढ्यानं काही तुमची जीभ झिजणार नाही.

वहिनी

२७ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कागद जळला असता.

तू कोळशानं काढलीस, कबूल. मी हसले, तेही कबूल. पण कोळसा कुणाच्या चुलीतला? फरशी कुणाच्या घरातली? ठसे कुणाच्या टेबलावर आपटलेस? वेल त्या घरात जन्मली, म्हणजे त्या घराची. आणि ते घर माझ्या बाबांचं.

आता तुला एक सांगते, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. मी लहानपणापासून त्या टेबलापाशी उभी होते. खळ ढवळायला मी, ठसे घासून धुवायला मी, कापड वाळत घालायला मी. ठसा मात्र हातात घेऊ दिला नाही कधी. एकदा चोरून घेतला, पदरावर एक ठिपका मारला, तर बाबांनी ठसा काढून घेतला आणि म्हणाले, “तू उद्या सासरी जाणार, हातातली कला घेऊन जाणार. घरातली वस्तू घरात राहू दे.” माझ्या हातात सुई दिली. सुई कुठेही नेली तरी चालते ना! आणि मग तू आलीस. माहेरच्या भांड्यांच्या दुकानातून उठून आलेली, डिंक आणि तुरटी यातला फरक माहीत नसलेली. वर्षाच्या आत तुझ्या हातात ठसा! का, तर सून कुठे जात नाही म्हणून.

तेव्हा वहिनी, आयत्या बिळावर नागोबा कोण, ते तू मला शिकवू नकोस. तुला टेबल मिळालं, घर मिळालं, बाबांची शेवटची वर्षं मिळाली. मला त्यांचं नाव घेण्यापुरती एक भिंत मिळालीय. ती मी वाटून घेणार नाही. भिंतीवरचा मजकूर ठरलाय: ‘वडिलांकडून लेकीकडे.’ त्यात सून बसत नाही.

आता कामाचं. संग्रहालयाला उकळीचं प्रात्यक्षिक हवंय. तुरटीच्या खळीनं छापलेली फुलं धुतल्यावर दिसेनाशी होतात आणि मंजिष्ठेच्या उकळीत लाल होऊन वर येतात, ही लोकांना जादू वाटते. काळ्या रेघेची पांढरी वेल मोठ्या हंड्यात सोडायची आणि लालभडक फुललेली बाहेर काढायची, सगळ्यांसमोर. मंजिष्ठा मी इथे मिळवते. तू नवं लांब कापड छापून पाठव, न उकळलेलं. ऑक्टोबर संपायच्या आत.

वन्सं

५ सप्टेंबर

वन्सं,

धन्य आहे तुमची! गळा कापायचा आणि वर सुरीला धार लावून मागायची.

मामंजींनी तुमच्यावर अन्याय केला. मलाही तो दिसत होता. पण तो त्यांनी केला, मी नाही. त्यांना जाब विचारायची तुमची छाती झाली नाही, म्हणून त्यांचा राग माझ्यावर काढताय? त्यांच्या तोंडावर ‘बाबा, बाबा’ आणि माझ्या पानात माती? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून जिवंत माणसाचा हात कापून त्याच्या फोटोला चिकटवायचा, याला तुमच्याकडे वारसा म्हणतात वाटतं. आणि तो जिवंत!

काल कापडवाले शेठ आले होते. वेलीचा तागा हातात घेऊन म्हणतात कसे, “तुमच्या नणंदबाईंची वेल ना ही? पेपरात वाचलं.” मी छपाई करत होते, वन्सं. ठसा माझ्या हातात होता, हात कोपरापर्यंत रंगलेले होते, आणि समोर उभा राहून माणूस विचारतो तुमच्या नणंदबाईंची ना! माझ्या जिवाची काय लाही झाली असेल, ती तुम्हाला कळायची नाही. रात्री जेवण गेलं नाही.

तुमचे भाऊ म्हणतात, छापून दे, घरचीच आहे, वाद नको. ते असंच म्हणणार. बहिणीशी भांडायला बायको आहे आणि बायकोशी भांडायला बहीण, आपण मधे बसून पेपर वाचायचा.

मी छापणार नाही. तुमच्या रक्तात आहे ना वेल? मग घ्या बोट कापून, आणि करा सुरुवात.

वहिनी

२० ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

मागचं पत्र रागाच्या भरात लिहिलं गेलं. मनावर घेऊ नका. बाईमाणूस बोलून मोकळं होतं.

कापड तयार आहे. आजच पार्सल करते. वेल चांगली उतरलीय, रेघ कुठे तुटलेली नाही. फुलांची खळ मी स्वतः कालवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुमच्यासाठी छापायचं म्हटल्यावर मी कसलीच कसर ठेवली नाही. पार्सल उघडल्यावर वाहत्या पाण्यात धुऊन घ्या. धुतल्यावर फुलं दिसणार नाहीत, घाबरू नका, तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांसमोर उकळीतच ती काय ती उमलू द्यात. आधी हात लावलात तर लोकांची मजा जाईल.

आणि हो, ते माझं मागणं मागे घेते. माझं नाव कुठे म्हणजे कुठेच घेऊ नका. मामंजींचं घर, मामंजींचं टेबल, तुमचं रक्त. तुम्ही म्हणालात ते पटलं मला. सगळा मान तुमचा. तुम्हीच हंड्यापाशी उभ्या राहा, तुम्हीच ते कापड वर काढा. मी इथे बसून तेवढ्यानंच समाधान मानेन.

तुमचे भाऊ बरे आहेत. तुमची आठवण काढतात.

तुमची लाडकी वहिनी

१ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पार्सल मिळालं. रेघ काय देखणी आली आहे गं! माझ्या शेजारणीनं तर कापडावर हात फिरवून ‘जिवंत आहे’ म्हणून सांगितलं.

तुझं पत्र वाचून मला भरून आलं. इतकं मोठं मन! मी तुला टोचून टोचून लिहिलं आणि तू सगळं विसरून वर मानही मला देऊन टाकलास. मला माझीच लाज वाटली. तेव्हा मीही ठरवलं, की वहिनी एवढी वाकते तर आपण ताठ राहणं शोभत नाही. संग्रहालयात जाऊन मजकूर बदलून घेतला. प्रात्यक्षिकाच्या फलकावर आता मोठ्या अक्षरात असं आहे: ‘वेल, छपाई आणि खळ: सर्वस्वी वहिनींची.’ खाली तुझं गाव, आपला कारखाना, सगळं.

एवढंच नाही. उकळीच्या आधी मी दोन शब्द बोलणार आहे. तू म्हणाली होतीस ना, चारचौघांत एकदा? चारचौघे कसले, दोनशे खुर्च्या मांडल्यात. वर्तमानपत्रवालेही येणार आहेत. मी सांगणार, की मी फक्त काठी धरायला उभी आहे, बाकी यात माझं काही नाही.

खूश ना?

तुझी,
वन्सं

६ नोव्हेंबर

वन्सं,

पाच वेळा फोन केला, तुम्ही उचलत नाही. तुमच्या भावालाही लावायला सांगितलं, त्यांचाही उचलत नाही. म्हणून हे पत्र तातडीनं धाडतेय.

अहो, माझं नाव कशाला? मी नको म्हटलं होतं ना! मला तसलं काही आवडत नाही. लाजल्यासारखं होतं. फलक काढून टाका, मामंजींचं नाव घाला, किंवा तुमचंच घाला, तुम्हीच तर सगळं केलंय.

आणि दुसरं. ते कापड वापरू नका. मला आत्ता आठवलं, तो तागा जरा जुना होता, पावसात भिजलेला, रंग धरेल न धरेल. उगाच तुमची फजिती नको. मी दुसरं छापायला घेतलंय, टेबलावरच आहे, वाळलं की स्वतः घेऊन येते. बसनं रात्रभर बसून येते हवं तर. प्रात्यक्षिक चार दिवस पुढे ढकलायला सांगा. काहीतरी कारण सांगा, माझी तब्येत बिघडली म्हणा, मी मेले म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

वन्सं, ऐका माझं. भांडण आपल्या घरातलं आहे, ते घरात ठेवू.

वहिनी

१८ नोव्हेंबर

वहिनीसाहेब,

तुझं तातडीचं पत्र प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी हातात पडलं. फोनही वाजत होता. मी चहा पीत ऐकत होते.

आता पहिल्यापासून सांगते.

तू माझं नाव घेऊ नका म्हणालीस तेव्हाच मनात पाल चुकचुकली. ऑगस्टपासून जी बाई नावासाठी दात-ओठ खातेय ती एकदम ‘लाडकी वहिनी’? सतरा वर्षांत कधी लाडकी होतीस तू माझी? म्हणून पार्सल उघडल्यावर आधी कापड शेवटपर्यंत उलगडलं. आणि वहिनी, मी इतकी हसले, इतकी हसले, की शेजारीण धावत आली.

आपल्याकडे कापड संपलं की काठाच्या बाहेर एक जास्तीचं फूल छापतात. उकळणाऱ्यानं ते कापून घ्यायचं, आधी तेवढंच उकळायचं, रंग धरतोय की नाही ते बघायचं आणि मग सगळं कापड हंड्यात सोडायचं. बाबांनी कधी चुकवलं नाही. तूही चुकवलं नाहीस! विष कालवलंस आणि चव बघायला चमचाही सोबत दिलास! हाताला सवय गं. मनात काय चाललंय ते हाताला कुठे माहीत असतं. काठापाशी आला आणि ठेवून दिलं त्यानं फूल.

ते कापलं, अर्धं केलं. अर्धं चहाच्या पातेल्यात मंजिष्ठेत उकळलं. रेघ काळी, फूल पांढरंफटक. वाटलं, मंजिष्ठा खराब असेल. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून दाढीनंतर लावायची तुरटी आणली, पाण्यात उगाळून उरलेल्या अर्ध्या फुलाला चोपडली, वाळवून उकळलं. लाल! म्हणजे मंजिष्ठा ठीक आहे, पातेलं ठीक आहे, मी ठीक आहे. तुझ्या खळीत फक्त डिंक आहे आणि दिसायला गेरू. तुरटीचा कणसुद्धा नाही. दोनशे माणसांसमोर काठीवर पांढरं कापड धरून मी उभी राहणार आणि तू तिकडे समाधान मानणार. काय बेत होता!

मनात आलं असतं तर फुलाफुलाला तुरटी लावून तुझा डाव हाणून पाडला असता. पण हातानं चोपडलेली तुरटी रेघेबाहेर पसरते, नेमकी पाकळीत बसवायला फुलाचा ठसा लागतो. आणि ठसा चालवायला मला कुणी शिकवलं होतं?

म्हणून मग तुझीच इच्छा पुरी करायचं ठरवलं. शब्दन् शब्द.

उभी राहिले आणि म्हणाले, “ही वेल माझ्या वहिनीची. तिनंच काढली, तिनंच छापली. खळही तिनं स्वतः कालवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या वडिलांच्या कारखान्याचा हात आज तीच आहे.” टाळ्या पडल्या गं! इतक्या की मला थांबावं लागलं. तू असायला हवी होतीस. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं तर डोळे पुसले.

मग कापड हंड्यात सोडलं. ढवळलं. लोक उठून उभे राहिले. काठीनं वर उचललं. काळी रेघ, काळी पानं, आणि फुलांच्या जागी भोकंच भोकं. मग संग्रहालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, “वहिनींचं काहीतरी चुकलं वाटतं.” पुढची म्हातारी म्हणाली, “सासऱ्यांसारखा हात नसेल.” दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. यात मी बारीक दिसतेय. कात्रण सोबत जोडलंय, दादाला वाचून दाखव.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आता मी रोज त्या कापडापाशी सुई घेऊन बसते. लाल रेशीम आणलंय. तू सोडलेलं एकेक फूल साखळी टाक्यानं भरतेय, लोक भोवती उभे राहून बघतात. रेघ तुझी राहू दे. फुलं आता माझी.

एकच विचारायचं राहिलं. लोक तुला विचारतीलच, काय झालं म्हणून. काय सांगणार? येत नव्हतं म्हणून चुकलं? की येत होतं म्हणून मुद्दाम केलं? अडाणी की लबाड? दोन्हीतलं काय निवडतेस ते कळव. मला ऐकायचंय.

वन्सं

२ डिसेंबर

वन्सं,

तुमच्या भावाला कात्रण वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे चुकलं कसं?” मी म्हटलं, चुकलं नाही. मग सगळं सांगितलं. ते उठून बाहेर जाऊन बसले.

कापडवाले शेठ आले. चार माणसं होती कारखान्याच्या पायरीवर. शेठ म्हणाले, “वहिनी, होतं असं, वय झालं की हात चुकतो.” खाली मान घालून हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. सहानुभूतीही मिळाली असती थोडी. पण वन्सं, माझा हात चुकला हे वाक्य मला ऐकवेना. मी म्हटलं, “चुकला नाही. तुरटी मी घातलीच नव्हती. नणंदेची नाचक्की व्हावी म्हणून.” शेठ म्हणाले, “मग उद्या आमच्या कापडातही नाही घातलीत तर?” त्यांचे तागे त्यांनी त्याच दिवशी उचलले. मागोमाग बाकीच्यांनीही नेले. एकानं तर अर्धवट छापलेलं नेलं. टेबल रिकामं आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लबाड. लबाड म्हणा, कजाग म्हणा, गावभर म्हणा. अडाणी म्हणायचं नाही. तुम्ही ते जास्तीचं फूल कापून घेतलंत, तेव्हा गेरूवरून तुम्हाला दिसलंच असेल ठसा कसा बसला होता ते. एक पाकळी हललेली नव्हती. हे या जगात आता फक्त तुम्हाला माहीत आहे आणि मला.

फुलं तुमची म्हणता. परवा भावाला म्हणाला होतात म्हणे, त्या कापडावरून नवे ठसे कोरून घेऊ, आपण दोघं मिळून तिकडे कारखाना काढू, वहिनीला काय विचारायचं. त्यांनीच सांगितलं मला. विचार चांगला आहे. पण तुमच्या त्या कापडात फूल कुठाय? टाक्याखाली गेलं. बाजारातल्या कापडावरून वळण उचलेल असा कोरणारा म्हाताराही गेला. माझ्या फुलाचं वळण त्या ठशात होतं, नाहीतर माझ्या हातात.

काल सकाळी बंब पेटवला. सरपण ओलं होतं, धरेना. रेघेचा ठसा घातला, मग पानाचा, मग फुलाचा. इतकी वर्षं तेल पिऊन पिऊन लाकूड असं काय मुरलं होतं, धडाधडा पेटलं. मी पाटावर बसून शेवटपर्यंत बघितलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं नव्हतं, तुम्हाला खोटं कशाला सांगू.

तुमचे भाऊ अंघोळ करून आले आणि म्हणाले, “आज पाणी कडकडीत तापलं होतं.”

मी काढली होती, मीच जाळली. आता ती कुणाच्याच वडिलांची नाही.

वहिनी